न लिहिलेल्या लेखाचे श्रेय : जेरार्ड सॉल्टन आणि सायटेशनची मोजदाद

संशोधकाची योग्यता त्याच्या लेखांचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला यावरून ठरविण्याची पद्धत आता आपल्या महाविद्यालयांतही रूढ झाली आहे. नॅकच्या अहवालासाठी सायटेशनचे आकडे जुळविताना प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी तो लेख वाचला असेल, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक कितपत टिकते, हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात संगणकशास्त्राच्या इतिहासातील एक उदाहरण घेतले आहे.

यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात सायटेशन-सूचीची कल्पना मांडली, ती वाङ्मयशोधाचे साधन म्हणून. सदोष लेखांचा आधार डोळे झाकून घेतला जाऊ नये, हाही त्यांचा हेतू होता. व्यक्तीला गुण देण्याचे एच-निर्देशांकासारखे सुटसुटीत माप होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचविले ते बरेच पुढे, २००५ मध्ये.

जेरार्ड सॉल्टन यांचा जन्म १९२७ चा, जर्मनीतील नुरेम्बर्गचा. हार्वर्ड व पुढे कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी 'स्मार्ट' ही माहितीशोधाची संगणकप्रणाली उभी केली. दोन लेखांच्या संदर्भसूचींतील साम्य त्यांच्या विषयसाम्याचे द्योतक ठरू शकते काय, याचा अभ्यास त्यांनी १९६३ मध्येच प्रसिद्ध केला होता. म्हणजे सायटेशनचा उपयोग त्यांनीही केला, परंतु विषय ओळखण्यासाठी.

१९७५ मध्ये सॉल्टन, वाँग व यांग यांचा 'अ व्हेक्टर स्पेस मॉडेल फॉर ऑटोमॅटिक इंडेक्सिंग' हा लेख प्रसिद्ध झाला. दस्तऐवज हे अवकाशातील बिंदू मानले, तर कोणते शब्द निर्देशक म्हणून निवडल्याने ते एकमेकांपासून अधिक विलग होतील, असा त्याचा मर्यादित विषय होता. तथापि पुढील अनेक अभ्यासकांनी संदर्भ दिला तो 'अ व्हेक्टर स्पेस मॉडेल फॉर इन्फर्मेशन रिट्रीव्हल' या १९७५ च्याच म्हणून सांगितल्या जाणाऱ्या लेखाचा. असा लेख अस्तित्वातच नाही! डेव्हिड डुबिन यांनी २००४ मध्ये दाखवून दिले की, ही त्या वर्षीच्या दोन वेगवेगळ्या लेखांची सरमिसळ आहे आणि त्यांपैकी एकातही माहितीशोधाचे सर्वसाधारण प्रारूप मांडलेले नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरपर्यंत सॉल्टन सदिश अवकाशाकडे विशिष्ट आकडेमोडींचे प्रारूप म्हणूनच पाहत होते. एकाने दिलेला संदर्भ दुसऱ्याने मूळ लेख न उघडता उचलला, याहून वेगळे स्पष्टीकरण प्रस्तुत लेखकास संभवनीय वाटत नाही. यातील हानी केवळ शीर्षकापुरती नाही. टप्प्याटप्प्याने घडलेली एक कल्पना एका वर्षी, एका लेखात सिद्ध झाली, असा खोटा इतिहास त्यातून रूढ झाला.

सहकार्याचे मोजमापही असेच फसवे आहे. सहलेखकांचे जाळे काढल्यास सॉल्टन, वाँग व यांग यांच्यामध्ये रेषा दिसते. कोणी काय केले, हे तीवरून कळत नाही. हार्वर्डमध्ये मायकेल लेस्क आणि पुढे कॉर्नेलमध्ये ख्रिस बकली यांनी 'स्मार्ट'साठी प्रत्यक्ष संगणक-आज्ञावली लिहिल्या. तिच्या आधारे झालेल्या प्रयोगांचे लेख मोजले जातात, आज्ञावली क्वचितच. सॉल्टन १९९५ मध्ये निवर्तले. त्यांचे विद्यार्थी अमित सिंघल २००० मध्ये गूगलमध्ये गेले आणि तेथील शोधनिकालांच्या क्रमवारीचे काम त्यांनी अनेक वर्षे सांभाळले. सॉल्टन यांच्या एच-निर्देशांकात या अध्यापनाला जागा नाही. न लिहिलेल्या लेखाची सायटेशने मात्र त्यांच्या नावावर जमा होत राहिली.