तीनशे पंधरा बोअरची गोष्ट

मागच्या दिवाळीत नांदगाव पेठला गेलो तेव्हा काकांनी फराळाच्या ताटावरच एक काम माझ्या गळ्यात घातलं. "तू कांपुटरवाला हायेस ना? मंग नेटवर पाहून सांग मले, कोन्ती रायफल घ्या लागते."

थोडी पार्श्वभूमी सांगतो. आमच्या घरात आबाजींच्या (म्हणजे माझ्या आजोबांच्या) नावावर एक ठासणीची बंदूक होती. पीकसंरक्षणाचा परवाना. शस्त्र कायदा १९५९ मध्ये अशा बंदुकीची खास सोय आहे, कलम १३ मध्ये. शेतकऱ्याला पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मिळू शकते. आबाजी ती घेऊन तुरीच्या, हरभऱ्याच्या दिवसांत जागलीला जायचे. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की सोडवून आणायची. आबाजी गेले आणि बंदूक नियमाप्रमाणे जमा झाली. आता प्रश्न असा की वारसाच्या नावावर ती करून घ्यायची, की सोडून द्यायची, की काकांच्या मनात होतं तसं, तिच्या जागी चांगली रायफल घ्यायची. रानडुकरांनी त्या वर्षी आमची दोन एकर तूर आडवी केली होती, त्यामुळे काका तापलेलेच होते.

आता मी इंजिनिअर. मला 'निवड कर' म्हटलं की मी आधी एक्सेल शीट उघडतो :) पुण्याला परत आल्यावर दोन शनिवार-रविवार त्यातच गेले. आणि शोधता शोधता जे सापडलं ते काकांच्या प्रश्नापेक्षा बरंच मोठं निघालं, म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट मला ही कळली की जाणकार माणूस आधी रायफल निवडतच नाही, आधी काडतूस निवडतो. नळीचा व्यास, मॅगझिनची लांबी, खांद्याला बसणारा धक्का, सगळं काडतुसावरून ठरतं. युरोपात आजही हौशी शिकारी बंदूककाराकडे जाऊन स्वतःच्या मापाची रायफल बनवून घेतो तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो. मी तसंच समजून यादी केली. स्वीडन-नॉर्वेचं ६.५×५५. स्पेनच्या सैन्यानं १८९३ मध्ये घेतलेलं ७×५७ माउझर. जर्मनीचं ८×५७. आणि ऑटो बॉक नावाच्या बर्लिनच्या बंदूककारानं १९०५ मध्ये काढलेलं ९.३×६२, जे मुख्यतः आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतवाल्यांसाठी होतं. (पहिला आकडा मिलिमीटरमध्ये व्यास, दुसरा पितळी नळकांड्याची लांबी. इतकं सोपं नामकरण इंग्रजांना जमलं नाही. त्यांनी प्रत्येकाला इंचात वेगळं नाव दिलं.)

या यादीत एक गंमत आहे. शेवटचं सोडलं तर सगळी काडतुसं आधी फौजेची आहेत. कारण धूर न करणारी दारू. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ञानं ती बनवली आणि १८८६ मध्ये फ्रान्सनं तिच्यावर चालणारी लेबेल रायफल फौजेला दिली. त्याआधीची काळी दारू एका मर्यादेपलीकडे गोळीला वेग देऊ शकत नव्हती. म्हणून जोर हवा असेल तर गोळीच जाड आणि जड करावी लागे.

याचा नमुना बघायला आपल्याला लांब जायची गरज नाही. मेळघाटाच्या उत्तरेला लागूनच निमाड आहे. तिथं जेम्स फोर्सिथ नावाचा कॅप्टन जमाबंदीचा अधिकारी होता. सातपुड्याच्या जंगलांवरचं त्याचं पुस्तक १८७१ मध्ये आलं, ते बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याआधी त्यानं शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक वेगळं पुस्तक लिहिलं होतं. त्याचं म्हणणं असं की सातपुड्यासारख्या झाडीत जनावर जवळून उठतं, तेव्हा जाड गोल गोळी, भरपूर दारू आणि नळीत अगदी सैल पीळ हेच बरं. इतका सैल की १०४ इंचांत एक वेढा! नळी स्वतः तीन फुटांचीसुद्धा नसायची, म्हणजे गोळी बाहेर पडेपर्यंत अर्धा वेढाही व्हायचा नाही. हे गणित त्यानं आपल्या शेजारच्या जंगलात वापरून मांडलं होतं, हे वाचून मला फार बरं वाटलं.

पण नवी दारू आली आणि वीसेक वर्षांत हे सगळं जुनं झालं. आठ, सात, साडेसहा मिलिमीटरची सडपातळ लांब गोळी पूर्वीच्या जाड गोळीपेक्षा सरळ आणि खोल जायला लागली. प्रत्येक देशानं आपापलं फौजी काडतूस ठरवलं, आणि फौजेतून सुटलेला माणूस तेच घेऊन शिकारीला जायला लागला. जिम कॉर्बेटचंच बघा. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल त्याला संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरकडून रिग्बी कंपनीची एक रायफल भेट मिळाली. तिचं काडतूस .२७५. आता ०.२७५ ला २५.४ नं गुणा, ६.९८५ येतं. म्हणजे सात मिलिमीटर. स्पेनच्या फौजेचं ७×५७ माउझरच, फक्त इंग्रजी नाव लावलेलं. रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ मध्ये त्याच रायफलनं मेला. धक्का कमी, गोळी लांब, खोल जाणारी. माझ्या एक्सेल शीटमध्येही हेच काडतूस पहिलं आलं.

खूश होऊन काकांना फोन केला. ते अमरावतीच्या एका बंदूकवाल्याकडे जाऊन चौकशी करून आले आणि संध्याकाळी त्यांचा फोन. "काऊन रे, एवढं कोष्टक केलं अन् कामाचं एकबी नाई? तो त म्हणते, तीनशे पंधरा घ्या, नाई त तीस-झिरो-सिक्स घ्या. बाकी भेटत नाई."

मग मी तीनशे पंधराच्या मागे लागलो. आणि खरी गोष्ट इथं सुरू होते.

१८५७ नंतर इंग्रजांना सगळ्यात मोठी धास्ती कशाची, तर आपल्या हातातल्या बंदुकांची. १८७८ मध्ये लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. आपल्या लोकांना परवाना सक्तीचा, युरोपियनांना त्यातून सूट. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत हा कायदा बदला अशी मागणी होत असे. (१८९७ चं अधिवेशन तर आपल्या अमरावतीतच भरलं होतं.) पण साहेबांची दुसरी एक धास्ती होती, ती बंदुकीची नव्हे, काडतुसाची. सरहद्दीवरच्या पठाणांकडे मार्टिनी-हेन्री रायफली पोचल्या होत्या. त्यांचा व्यास .४५०. आणि गोऱ्या शिकाऱ्यांच्या मोठ्या रायफलीही .४५० च्याच. शिकारीसाठी आलेल्या गोळ्या उद्या आपल्याच शिपायांवर सुटतील, या भीतीनं १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० वर बंदी आली. फौजेचं नवं काडतूस .३०३, तेही खाजगी माणसाला बंद.

आता कारखानदारांनी काय केलं असेल? आपण प्रोग्रॅमर करतो तेच. नियमात .४५० नको म्हटलंय ना, मग .४५० सोडून काहीही! .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी काडतुसांची रांगच लागली. आज हत्ती-गव्याच्या शिकारीचं अभिजात काडतूस म्हणून युरोप-आफ्रिकेत .४७० चं नाव घेतात. ते कुणा शिकाऱ्याला गरज होती म्हणून जन्मलं नाही. कलकत्त्याच्या सरकारी कागदावरच्या एका ओळीमुळे जन्मलं.

लहान काडतुसात हीच अडचण .३०३ ची होती. ली-एनफिल्ड रायफल तर हाताशी आहे, तिच्यात घालायला फौजेचं नसलेलं काडतूस पाहिजे. पण .३०३ सारखंच मागे कड असलेलं, साधारण त्याच मापाचं, म्हणजे रायफलीत फार बदल करावे लागणार नाहीत. असं एक काडतूस युरोपात तयार होतं. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचं ८×५०आर मानलिखर, १८८८ ते १८९० च्या दरम्यान घडलेलं. त्यातला 'आर' म्हणजे मागची कड. हिंदुस्थानात कुठल्याही फौजेकडे हे काडतूस नव्हतं, त्यामुळे ते चोरीला गेलं तरी फौजेच्या रायफलीत बसणार नाही आणि फौजेचं यात बसणार नाही. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीनं या काडतुसाच्या शिकारी रायफली हिंदुस्थानासाठी बनवल्या. आणि नाव पडलं .३१५. पुन्हा गुणाकार करा. ०.३१५ गुणिले २५.४ बरोबर ८.००१. आठ मिलिमीटर!

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९१८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य कोसळलं. उरलेल्या ऑस्ट्रियानं स्वतः १९३० मध्ये नवं काडतूस घेतलं. १९४७ मध्ये इंग्रजही गेले. पण .३१५ राहिलं. बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यानं ली-एनफिल्डच्याच धर्तीवर .३१५ ची रायफल काढली, आणि काडतुसं आपल्या पुण्यात, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होतात. हा कारखाना १८६९ चा. त्याच्या काडतुसांच्या बुडाशी 'केएफ' म्हणजे किर्की फॅक्टरी, आणि '८ एमएम' असा ठसा असतो. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, खडकी एकीकडे गेली आणि ईशापूर दुसरीकडे, तरी काडतूस तेच. आणि साहेबाचा नियम? तोही तसाच. स्वतंत्र भारताच्या १९६२ च्या शस्त्र नियमांतही .३०३ किंवा ७.६२ चं फौजी काडतूस बसेल अशी रायफल सामान्य माणसाला बंदच. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बाहेरून बंदुका आणणंही सामान्यांना बंद झालं. म्हणून काकांच्या यादीत दोनच नावं. आमच्या धंद्यात याला लेगसी सिस्टिम म्हणतात. का केलं होतं ते सांगणारा कुणी उरलेला नाही, पण बंद करायची कुणाची हिंमत नाही.

हे सगळं मी काकांना संक्रांतीला गेलो तेव्हा सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "गोळी किती दूर जाते हे?"

मी सांगितलं, दोन किलोमीटरच्या पलीकडे सहज.

काका उठून धुऱ्यावर गेले. आमचं वावर सपाट आहे. एका अंगाला महामार्ग, टोलनाक्याचे दिवे, दुसऱ्या अंगाला एमआयडीसी. मधल्या प्रत्येक वावरात रात्री कुणीतरी जागलीला. मेळघाटात गोळी चुकली तर डोंगरात जाते. इथं? कॉर्बेटच्या रायफलचे गुण मी कोष्टकात मांडले होते: सरळ जाते, खोल जाते. आमच्या वावरात तेच गुण तिचे अवगुण होते. शिवाय रानडुक्कर असो की रोही, मारायचं तर वन्यजीव कायदा १९७२ च्या कलम ११ प्रमाणे वनखात्याची परवानगी पाहिजे. नुसतं बंदुकीचं लायसन असून भागत नाही.

"आपल्या बुढ्यानं आयुष्यात एकबी डुक्कर नाई मारलं," काका म्हणाले. "निस्ता बार काढे. डुक्करं पळे, अन् आजूबाजूच्या जागलीवाल्याले समजे का आबाजी जागे हायेत."

रायफल घ्यायची नाही असं ठरलं. ठासणीची बंदूक काकांच्या नावावर करायचा अर्ज त्यांनी दिलाय. आणि तूर वाचवायला सध्या झटका मशीनचं कुंपण घातलंय.

एक सांगायचं राहिलंच. बंदूक जमा केली तेव्हा आबाजींची कातडी पिशवीही आम्ही उघडली होती. त्यात टोप्यांची रिकामी डबी, चिंध्या आणि दारू मोजायचं एक पितळी माप होतं. बंदुकीत किती दारू ओतायची ते आबाजी त्या मापानं मोजायचे. लहानपणी मी ते हजारदा पाहिलंय, त्याच्यात फुंकून शिट्टीही वाजवलीय. पण बुडाशी काय लिहिलंय ते कधी वाचलं नव्हतं. यादीत ते 'रिकामे नळकांडे १' असं लिहून जमा झालं, तेव्हा मी वाचलं. केएफ, ८ एमएम. बाटलीसारखी मान, मागे कड. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. आबाजींकडे ते कुठून आलं, हे आता विचारायला कुणी नाही. व्हिएन्नाच्या बादशहाच्या फौजेसाठी ठरवलेलं ते माप नांदगाव पेठच्या जागलीवर चाळीस वर्षं एका बारापुरती काळी दारू मोजत होतं.

अर्ज मंजूर झाला की ते परत मिळेल का, हे काकांना विचारायला सांगितलंय. बघू. तूर्तास इतकंच.