वाट दाखविणाऱ्यांचा इतिहास : क्षेत्रोपाध्याय, वेसकर आणि हिंगणीचा वनमार्गदर्शक

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील हिंगणी हे गाव बोर नदीच्या खोऱ्यात वसलेले असून, सेलूहून बोरधरणाकडे आणि पुढे बोर व्याघ्र प्रकल्पाकडे जाणारा रस्ता याच गावावरून जातो. या रस्त्याने येणारा पर्यटक जंगलात शिरताना एका स्थानिक मार्गदर्शकाला सोबत घेतो आणि त्याच्या नजरेने जंगल पाहतो. जपानमध्ये क्योटोत किंवा नारा शहरात दिवसभरासाठी खासगी मार्गदर्शक ठरवून मंदिरे, उद्याने आणि जुने बाजार पाहणारा प्रवासीही वस्तुतः तेच करत असतो. दोन्ही ठिकाणी पाहुणा पैसे मोजतो ते त्या जागेच्या ज्ञानाचे आणि ते सांगणाऱ्याच्या सोबतीचे. असे असले तरी या ज्ञानाला मोल मिळणे आणि ते बाळगणाऱ्याला मान मिळणे या गोष्टी एकाच वेळी घडल्या नाहीत, आणि सर्वांच्या बाबतीत तर मुळीच घडल्या नाहीत. मराठी मुलखापुरता विचार केला, तर वाट दाखविण्याचा इतिहास हा एकाच कामाच्या दोन अगदी निराळ्या नशिबांचा इतिहास आहे.

यांपैकी पहिली परंपरा तीर्थक्षेत्रांची होय. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर यांसारख्या ठिकाणी, तसेच मराठी यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या ज्या काशी, प्रयाग आणि गया या त्रिस्थळीला जात आले तेथेही, क्षेत्रोपाध्याय म्हणजे त्या क्षेत्रातील धार्मिक विधी सांगणारा वंशपरंपरागत पुरोहित हाच यात्रेकरूचा यजमान, वाटाड्या आणि सल्लागार असे. मुक्कामाची सोय करणे, कोणत्या घाटावर कोणते कर्म करावयाचे ते सांगणे, देवळांचा क्रम लावून देणे, स्थानमाहात्म्य ऐकविणे आणि परतीच्या प्रवासाची व्यवस्था पाहणे, ही सारी कामे त्याच्याकडे असत. त्याबद्दल मिळणारी दक्षिणा हे त्याचे उत्पन्न असे. कोणत्या गावाचे वा कोणत्या कुळाचे यात्रेकरू कोणाकडे उतरावयाचे हे ठरलेले असे आणि हा हक्क वडिलांकडून मुलाकडे येई.

या हक्काचा आधार म्हणजे उपाध्यायांच्या वह्या. यात्रेकरू दारात आला की उपाध्याय प्रथम त्याचे आडनाव, मूळ गाव आणि गोत्र विचारी. मग त्या गावाची वा कुळाची वही काढून आजा-पणजा कधी येऊन गेला, त्याच्यासोबत कोण होते आणि कोणाच्या नावाने श्राद्ध झाले, हे तो वाचून दाखवी. त्यानंतर आलेल्या माणसाचे, त्याच्या भावांचे व मुलांचे नाव त्याच नोंदीखाली लिहून घेतले जाई आणि अक्षरओळख असेल तर त्याची स्वतःच्या हातची सही घेतली जाई. अशा वह्यांतून अनेक घराण्यांच्या वंशावळी टिकून राहिल्या आणि वारसाहक्काच्या दाव्यांत त्या पुरावा म्हणून उपयोगी पडल्या. पाहुणा आपल्यावर का विश्वास ठेवतो, याचे उत्तर क्षेत्रोपाध्यायाजवळ लेखी असे. जवळपास स्वतःचे कोणी नसलेल्या गावी आपल्या पणजोबाचे अक्षर पाहावयास मिळणे, यापेक्षा मोठी ओळख कोणती असणार? मात्र जो हक्क विश्वासावर उभा होता तोच पुढे मक्तेदारीचेही रूप घेऊ शके. दक्षिणेसाठी होणारी अडवणूक हा यात्रेकरूंच्या तक्रारीचा जुना विषय आहे, आणि ज्यांना देवळाची पायरीच वर्ज्य होती त्यांच्यासाठी या व्यवस्थेत जागा नव्हती.

दुसरी परंपरा गावगाड्यातली. बलुतेदारीच्या व्यवस्थेत, म्हणजे गावाची ठरलेली सेवा करून तिच्या मोबदल्यात धान्य वा वतनी जमीन मिळविण्याच्या पद्धतीत, वेसकराचे काम महारांकडे असे. वेशीवर पहारा देणे, सरकारी निरोप पोहोचविणे, अंमलदाराचे सामान पुढच्या गावापर्यंत वाहून नेणे आणि परक्या माणसाला वाट दाखविणे ही कामे त्यात मोडत. शिवाराच्या हद्दी, ओढ्यांचे उतार, पावसाळ्यात बंद पडणाऱ्या पायवाटा आणि रात्रीची धोक्याची ठिकाणे यांची खडान्‌खडा माहिती या माणसाजवळ असे. जमिनीच्या हद्दीच्या वादात त्याचा शब्द महत्त्वाचा मानला जाई. तरीही क्षेत्रोपाध्यायाला ज्या ज्ञानाबद्दल दक्षिणा आणि नमस्कार मिळे, त्याच प्रकारच्या ज्ञानाबद्दल वेसकराला वेगळे वेतन मिळत नसे. वेळी-अवेळी हाक आली की निघणे एवढेच त्याच्या हाती असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच अमर्याद राबणुकीवर बोट ठेवून. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात 1950 च्या दशकाच्या अखेरीस झाला आणि वाट दाखविणे हे जन्माने लादलेले कर्तव्य म्हणून कायद्याच्या कागदावरून तेव्हा पुसले गेले.

जपानच्या इतिहासाशी ही हकीकत ताडून पाहिली म्हणजे तिचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. इसे येथील सूर्यदेवता आमातेरासूच्या महास्थानाशी संबंधित असलेले ‘ओशी’ नावाचे पुरोहित एदो काळात, म्हणजे सतराव्या शतकाच्या आरंभापासून 1868 पर्यंतच्या कालखंडात, देशभर ठरलेल्या गावांत फिरून देवस्थानचे ताईत आणि पंचांगे वाटत असत, आपल्याशी बांधलेल्या कुटुंबांची नोंद ठेवत असत, आणि ती कुटुंबे यात्रेला आली की त्यांना आपल्या घरी उतरवून घेऊन दर्शन घडवीत असत. नाशिकच्या वा काशीच्या उपाध्यायाशी असलेले त्यांचे साम्य थक्क करणारे आहे. फरक पडला तो पुढे. मेजी शासनाने 1871 मध्ये ओशींची पद्धत बंद केली. दुसरीकडे, तहान्वये खुल्या झालेल्या बंदरांत येणाऱ्या परदेशी प्रवाशांसाठी दुभाषी-मार्गदर्शकांचा नवा वर्ग तयार होत होता. 1893 मध्ये शिबुसावा एइइची यांच्यासारख्या उद्योगपतींच्या पुढाकाराने परदेशी पाहुण्यांच्या स्वागतासाठी ‘किहिनकाइ’ ही संस्था निघाली, 1907 मध्ये गृहखात्याने मार्गदर्शकांसाठी परवाना आवश्यक केला आणि 1949 मध्ये दुभाषी-मार्गदर्शकांचा स्वतंत्र कायदा झाला. या कायद्यानुसार होणाऱ्या परीक्षेत परकी भाषेबरोबरच जपानचा भूगोल आणि इतिहास यांचीही कसोटी लागते. 2018 पासून परवाना नसलेल्यांनाही मोबदला घेऊन हे काम करण्याची मुभा मिळाली असली, तरी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची अधिकृत पदवी कायम आहे. थोडक्यात, जन्माने मिळालेला हक्क मोडून त्या जागी अभ्यासाने मिळविलेला हक्क आणण्याचे काम तेथे राज्यसंस्थेने जाणीवपूर्वक केले.

भारतात हे स्थित्यंतर संथ आणि तुकड्यातुकड्यांनी झाले. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली, 1867 मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि 1862 मध्ये निर्माण झालेला वर्धा जिल्हा मुंबईशी थेट जोडला गेला. इंग्रज प्रवाशांच्या हाती मरे या प्रकाशकाच्या मार्गदर्शक पुस्तिका आल्या. वेरूळ-अजिंठ्यासारख्या स्थळी वाट दाखविणारा गावकरी मात्र मिळेल त्या बक्षिशीवर काम करी आणि त्याने दिलेल्या माहितीचे श्रेय पुस्तकात दुसऱ्याच्या नावे जमा होई. स्वातंत्र्यानंतर 1966 मध्ये भारत पर्यटन विकास महामंडळ आणि 1975 मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले; केंद्र शासनाकडून प्रशिक्षण व ओळखपत्र मिळालेले मार्गदर्शक मोठ्या वारसास्थळांवर दिसू लागले. अजिंठा-वेरूळ परिसराच्या विकासाला तर जपानी कर्जसाहाय्यच लाभले.

वर्धा जिल्ह्यात परक्या पाहुण्यांचा ओघ वाढला तो वेगळ्या कारणाने. महात्मा गांधी 1930 च्या दशकात प्रथम वर्ध्यास आणि 1936 मध्ये शेगाव येथे, म्हणजे पुढे सेवाग्राम म्हणून ओळखल्या गेलेल्या गावी, राहावयास आले. त्यानंतर देशोदेशींचे लोक या जिल्ह्यात येऊ लागले. ‘निप्पोनझान म्योहोजी’ या बौद्ध संघाचे संस्थापक निचिदात्सु फुजी यांनी 1933 मध्ये वर्ध्यात गांधीजींची भेट घेतली. फुजी गुरुजी या नावाने ते येथे ओळखले गेले, आणि त्यांच्या पंथाचा मंत्र आश्रमाच्या सर्वधर्मप्रार्थनेत आजही म्हटला जातो. वर्ध्यातील गीताई मंदिराजवळचा विश्वशांती स्तूप ही त्याच नात्याची खूण होय. आश्रमात आदिनिवास, बापूकुटी आणि आखरी निवास यांची माहिती पाहुण्याला आश्रमवासीच देत आले. त्यात मोबदल्याचा प्रश्न नव्हता, आणि ज्या जागेविषयी बोलायचे त्या जागेच्या शिस्तीत स्वतः राहणे हीच सांगणाऱ्याची पात्रता होती.

जंगलाची वाट मात्र या सगळ्यांपासून दूर राहिली. मध्य प्रांतात शिकारीला निघालेल्या साहेबांना, संस्थानिकांना आणि मालगुजारांना, म्हणजे गावाच्या सारावसुलीचे हक्क असलेल्या जमीनदारांना, वाघाच्या जागा दाखविणारे आणि हाका घालून, म्हणजे आरडाओरडा करत जनावर बंदुकीच्या टप्प्यात हाकलून आणणारे लोक प्रामुख्याने गोंड आणि अन्य वनवासी समाजांतील असत. पाणवठा कोणता, ऊन चढल्यावर वाघ कोणत्या नाल्याच्या गारव्याला बसतो, चितळांचा कळप अचानक का थबकतो, हे ज्ञान त्यांचे. छायाचित्र आणि आठवणींचे पुस्तक साहेबाचे. पुष्कळदा हे काम बेगारीत, म्हणजे विनामोबदला सक्तीने, करून घेतले जाई. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपविले. त्याच काळात वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांनी विदर्भातल्या रानांत वनवासींकडून पक्षी, वृक्ष आणि प्राणी यांची नावे व समजुती गोळा करून त्या मराठी वाङ्मयात आणल्या आणि या ज्ञानाला विद्येचा दर्जा मिळवून दिला.

बोर अभयारण्य 1970 मध्ये घोषित झाले आणि 2014 मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तेव्हा 138 चौरस किलोमीटरच्या आसपास क्षेत्र असलेला तो देशातील सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्प ठरला. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात व्याघ्र प्रकल्पांतील पर्यटनाचा प्रश्न गेल्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने नियमावली जाहीर केली. वाहनांच्या संख्येवर मर्यादा आणि स्थानिक लोकांना पर्यटनात रोजगार ही तिची महत्त्वाची अंगे होत. वनविभागाने नोंदविलेला मार्गदर्शक, ठरलेले शुल्क आणि आळीपाळीने मिळणारी फेरी अशी व्यवस्था महाराष्ट्राच्या व्याघ्र प्रकल्पांत रूढ झाली.

हा मार्गदर्शक काम कसे करतो ते पाहण्यासारखे असते. पहाटे जिप्सी, म्हणजे पर्यटकांची उघडी गाडी, आत गेली की तो प्रथम रस्त्याची धूळ वाचतो : पगमार्काची, म्हणजे पावलाच्या ठशाची, कडा तुटलेली नसेल आणि आधीच्या गाडीच्या चाकाचा माग त्याच्याखाली दबला असेल, तर जनावर नुकतेच गेलेले असते, ठसा चौकोनाकडे झुकणारा असेल तर तो बहुधा नराचा आणि लांबट असेल तर मादीचा मानला जातो. मग तो चालकाला इंजिन बंद करावयास सांगतो आणि कॉलची, म्हणजे इशाऱ्याच्या हाकेची, वाट पाहतो. चितळ कधीकधी नुसत्या संशयानेही ओरडते, उंच फांदीवरच्या वानराला दूरचे दिसते, आणि सांबराने हाक दिली तर सहसा फसगत होत नाही, हा भेद त्याच्या कानात मुरलेला असतो. वाघ दिसला नाही तरी साग, तेंदू, मोह आणि बांबू यांच्या रानात ऋतू कसा फिरतो हे तो सांगू शकतो, आणि सांगतोही, जर विचारणारा असेल तर. ज्या प्रकारची माहिती पूर्वी शिकाऱ्याच्या बंदुकीच्या कामी सक्तीने लागे, तीच आज गणवेश, ओळखपत्र आणि शुल्क यांसह जंगलाच्या रक्षणाच्या कामी लागते, ही गेल्या शंभर वर्षांतील मोठी सामाजिक घटना आहे.

तरीही हे स्थित्यंतर अपुरे आहे. क्षेत्रोपाध्यायाजवळ वही होती, जपानी मार्गदर्शकाजवळ परीक्षा आहे; हिंगणीच्या मार्गदर्शकाजवळ अनुभव भरपूर असला तरी त्याच्या अभ्यासाला पुढची पायरी ठेवलेली नाही, आणि पावसाळ्यात गाभाक्षेत्रातील पर्यटन बंद झाले की त्याचे उत्पन्नही थांबते. सेवाग्राम, पवनारचा विनोबा भावे यांचा आश्रम, केळझरचे गणेशस्थान, हिंगणी आणि बोर ही सारी स्थळे एकाच जिल्ह्यात असून एकमेकांपासून फार दूर नाहीत. म्हणून एका दिवसात त्यांचा अर्थ जोडून सांगेल असा प्रशिक्षित मार्गदर्शक घडविण्याची व्यवस्था उभी करणे हे काम शासनाने, विद्यापीठांनी आणि स्थानिक संस्थांनी अंगावर घ्यावयास हवे. प्रवाशांवरही एक जबाबदारी येते. मार्गदर्शकाचे मोल वाघ दिसला की नाही यावर ठरवू नये, त्याला नावाने हाक मारावी, त्याला रानाविषयी विचारावे आणि ठरलेले शुल्क घासाघीस न करता द्यावे. कारण वाट दाखविणाऱ्याच्या ज्ञानाला वेतन आणि मान ही दोन्ही एकत्र मिळण्यासाठी या मुलखाला फार काळ वाट पाहावी लागली आहे.