आकाशातून आलेलं 'हाय'

"लॉग्ज बघितलेस का?"

आमच्या धंद्यात हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. रात्री दोनला फोन वाजतो, कुठलातरी सर्व्हर झोपलेला असतो, आणि आपण डोळे चोळत त्याच्या लॉगमध्ये घुसतो. कितीही शिव्या घातल्या तरी सर्व्हर बिचारा तारेच्या दुसऱ्या टोकाला असतो, हे आपलं नशीब! आता समजा, तोच सर्व्हर जमिनीपासून ५०० किलोमीटर उंचीवर आहे आणि दर ९५ मिनिटांनी पृथ्वीला एक प्रदक्षिणा घालतोय. तुमच्या गावावरून तो दिवसात चार-सहा वेळाच जाणार, आणि दर वेळी फार तर दहा मिनिटं. म्हणजे दिवसाचे २३ तास तो तुमच्या दृष्टीने बेपत्ता. मग त्याचे लॉग्ज वाचणार कोण?

गेल्या साठ-पासष्ट वर्षांत या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा एकच निघालंय: ज्यांचा त्या उपग्रहाशी काडीचाही संबंध नाही असे लोक. आजची गोष्ट त्यांची.

आधी टेलिमेट्री म्हणजे काय ते सांगतो. उपग्रह स्वतःच्या तब्येतीची जी माहिती खाली पाठवत राहतो, ती टेलिमेट्री. बॅटरी किती व्होल्टवर आहे, पोट किती तापलंय, सोलर पॅनेलमधून किती करंट येतोय, वगैरे. ४ ऑक्टोबर १९५७ ला सोडलेल्या पहिल्या स्पुटनिकचं बीप-बीप आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेलं असतं. पण त्या बीपमध्येही निरोप होता हे मला बरंच उशिरा कळलं. आतलं तापमान किंवा हवेचा दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, की बीपची लांबी बदलायची अशी योजना होती. २०.००५ आणि ४०.००२ मेगाहर्ट्झ या दोन फ्रिक्वेन्सी मुद्दाम अशा निवडल्या होत्या, की साध्या हौशी लोकांच्या रेडिओवरही तो ऐकू यावा. या हौशी रेडिओवाल्यांना 'हॅम' म्हणतात. जगभरच्या हॅम लोकांनी तो ऐकला, आणि त्यातल्या काहींच्या डोक्यात किडा वळवळला... आपलाही एक असावा की!

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या काही हॅम मंडळींनी हा किडा फारच मनावर घेतला. ही बहुतेक माणसं दिवसा एरोस्पेस कंपन्यांत नोकरी करणारी. रात्री आणि सुटीच्या दिवशी यांचा उपग्रह गॅरेजात तयार होत होता. नाव ठेवलं ऑस्कर. 'हौशी रेडिओ घेऊन फिरणारा उपग्रह' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं. वजन साडेचार किलो. रॉकेटपासून त्याला ढकलून वेगळं करायला एक स्प्रिंग हवी होती, ती त्यांनी दुकानातून सव्वा डॉलरच्या आत विकत आणली. ट्रान्समीटरची ताकद ०.१४ वॅट. देवघरातला झीरोचा बल्बसुद्धा याच्या कितीतरी पट वीज खातो.

रॉकेट कुठून आणलं? तर त्या काळी हवाई दलाच्या रॉकेटवर वजनाचा तोल साधायला जड ठोकळे बसवत. त्यातला एक ठोकळा काढा आणि आमचा डबा बसवा, असं त्यांनी पटवलं. १२ डिसेंबर १९६१ ला ऑस्कर-१ उडाला, आणि त्याच रॉकेटवर मुख्य पाहुणा होता 'डिस्कव्हरर-३६'. जगाला सांगितलेलं होतं की हा वैज्ञानिक उपग्रह आहे. प्रत्यक्षात तो होता 'कोरोना' हेरगिरी कार्यक्रमातला, सोव्हिएत प्रदेशाचे फोटो काढणारा. ही गोष्ट अमेरिकन सरकारने अधिकृतपणे उघड केली १९९५ साली.

म्हणजे बघा, एकाच रॉकेटवर दोन उपग्रह. एकाचं खरं नाव सांगायला ३३ वर्षं लागली. दुसऱ्याची फ्रिक्वेन्सी होती १४४.९८३ मेगाहर्ट्झ, आणि ज्याला हवं त्याने ऐकावं असं आमंत्रण!

ऑस्कर-१ बोलायचा एकच शब्द. मोर्स कोडमध्ये 'हाय'. चार टिंबं, मग दोन टिंबं. (आपल्याकडे 'हाय हाय' म्हटलं की मोर्चा डोळ्यांसमोर येतो, पण हॅम लोकांच्या भाषेत 'हाय हाय' म्हणजे हसणं.) आणि टेलिमेट्री कुठे होती? तर त्या 'हाय'च्या वेगात. आतलं तापमान बदललं की 'हाय'चा वेग बदलायचा. कॉम्प्युटर नको, डिकोडर नको. हातात घड्याळ धरायचं आणि ठरावीक वेळात किती 'हाय' आले ते मोजायचं. डेटा फॉरमॅट इतका सोपा मी आजवर कुठल्याही प्रोजेक्टमध्ये पाहिलेला नाही.

बॅटरी चार्ज होणारी नव्हती, त्यामुळे जेमतेम तीन आठवड्यांत ऑस्कर-१ गप्प झाला. पण तेवढ्या वेळात २८ देशांतल्या ५७० हून जास्त लोकांनी आपापल्या नोंदी कॅलिफोर्नियाला पाठवल्या.

आता यातला मला सर्वात आवडणारा भाग. या सगळ्या खटाटोपातून जे शिकायला मिळालं त्यावरून ऑस्कर-२ मध्ये तीन बदल झाले. एक, बाहेरचा थर बदलला, म्हणजे आतली यंत्रणा थंड राहील. दोन, ट्रान्समीटरची ताकद कमी केली, म्हणजे बॅटरी जास्त दिवस पुरेल. आणि तीन, बॅटरी उतरत गेली तरी तापमानाचं माप बरोबर यावं अशी मोजणीत सुधारणा केली. या तिसऱ्या बदलाचं मोल आपल्या लोकांना लगेच कळेल. मोजणारं यंत्रच बॅटरीबरोबर ढेपाळायला लागलं, तर 'हाय'चा वेग बदलला तो तापमानामुळे की बॅटरीमुळे, हे ओळखायचं कसं? मॉनिटरिंगमधलाच बग! तो दुरुस्त करून पुढची आवृत्ती २ जून १९६२ ला अंतराळात. सहा महिन्यांच्या आत. आमच्याकडे एवढ्या वेळात नुसती रिक्वायरमेंट फायनल होत नाही. असो.

पुढे या उपग्रहांना सोलर पॅनेल आणि चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या आल्या, आयुष्य वाढलं. १५ नोव्हेंबर १९७४ ला ऑस्कर-७ गेला. वजन सुमारे २९ किलो, उंची साधारण १४५० किलोमीटर. अमेरिका, जर्मनी, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांनी मिळून तो बनवला होता. त्याची टेलिमेट्रीही मोर्समध्येच, पण आता चांगली २४ मापं. चार-चारच्या सहा ओळी, प्रत्येक माप तीन आकडी, त्यातला पहिला आकडा ओळीचा. म्हणजे मधूनच ऐकायला लागलात तरी आपण कुठल्या ओळीत आहोत ते कळतं. (लॉगमध्ये लाइन नंबर टाकायचा कंटाळा करणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी.)

साडेसहा वर्षं त्याने इमानेइतबारे काम केलं. १९८१ च्या मध्यावर बॅटरी शॉर्ट झाली. पॅनेलमधून येणारी सगळी वीज त्या शॉर्टमध्येच जायला लागली आणि ऑस्कर-७ गप्प झाला. लोकांनी हळहळ व्यक्त केली, यादीत त्याच्यापुढे 'बंद' लिहिलं गेलं. मधल्या काळात नवे उपग्रह आले, इंटरनेट आलं, मोबाइल आले.

आणि २१ जून २००२ ला इंग्लंडमधल्या पॅट गोवेन नावाच्या जुन्याजाणत्या हॅमला १४५.९७ मेगाहर्ट्झच्या आसपास संथ लयीतला मोर्स ऐकू आला. नुसते आकडे. ढंग जुन्या ऑस्करसारखा! त्याने ते इतरांना कळवलं, आणि ऑस्कर-७ च्या मूळ टीमचा प्रमुख जॅन किंग याने शहानिशा करून सांगितलं: हो, हा आमचाच.

झालं होतं असं, की शॉर्ट झालेली बॅटरी आता पूर्ण तुटून ओपन सर्किट झाली होती. वीज गिळणारा रस्ताच बंद झाला, तेव्हा पॅनेलची वीज थेट उपग्रहाला मिळायला लागली. बॅटरी नसल्यामुळे पृथ्वीच्या सावलीत गेला की तो मरतो, आणि उन्हात आला की पुन्हा जन्म घेतो. २०२४ साली त्याने अंतराळात पन्नास वर्षं पूर्ण केली, तेव्हाही तो उन्हात बोलत होता. त्याच्यामार्फत गप्पा मारणाऱ्यांना एकच विनंती असते, जपून बोला. कोणी जास्त ताकदीने सिग्नल पाठवला की व्होल्टेज खाली जातं आणि सगळ्यांचाच आवाज थरथरायला लागतो. घरातल्या आजोबांशी बोलताना जसं वागतो, तसंच.

ही गोष्ट वाचल्यापासून 'डेड' हा शब्द मी जरा जपूनच वापरतो. उपग्रह बंद पडलाय असं आपण म्हणतो, तेव्हा खरं तर 'आम्हाला ऐकू येत नाही' एवढंच आपल्याला ठाऊक असतं. एकवीस वर्षांनी ऑस्कर-७ पुन्हा बोलायला लागला ते फिजिक्समुळे. पण तो बोलतोय हे जगाला कळलं, कारण एक माणूस कोणी न सांगता, काही मिळणार नसताना, रेडिओची तबकडी फिरवत बसला होता.

आपल्याकडेही हे सगळं घडलंय. इस्रोने ५ मे २००५ ला हॅमसॅट हा साडेबेचाळीस किलोचा उपग्रह खास हॅम लोकांसाठी सोडला. तो नऊ वर्षं चालला आणि २०१४ मध्ये गेला, तोही बॅटरीपायीच. २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ वरून पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला जेमतेम एक किलोचा 'स्वयम्' गेला. परीक्षा, सबमिशन, कॅम्पस सांभाळून पोरांनी उपग्रह बनवला, याचं मला अजून अप्रूप वाटतं. पण सुरुवातीचं २३ तासांचं गणित अशा उपग्रहांना चुकत नाही. कॉलेजच्या गच्चीवर एकच ग्राउंड स्टेशन असतं. उपग्रह ब्राझीलवर असताना त्याला काय होतंय, हे ब्राझीलमधलाच कोणीतरी सांगू शकतो.

आता ते सोपंही झालंय. २०१२ मध्ये लक्षात आलं, की टीव्ही बघायला मिळणारा एक स्वस्तातला यूएसबी डोंगल चक्क सॉफ्टवेअर रेडिओ म्हणून चालतो. २०१४ मध्ये ग्रीसमधल्या मंडळींनी 'सॅटनॉग्ज' हा ओपन सोर्स प्रकल्प सुरू केला. जगभरचे लोक घरच्या अँटेना त्याला जोडतात आणि कोणाचाही उपग्रह डोक्यावरून गेला की त्याचा सिग्नल आपोआप नोंदला जातो. ५७० लोकांच्या पत्रांचं हे आजचं रूप. अट तेवढी जुनीच आहे: फॉरमॅट उघड हवा. हौशी रेडिओच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही हेच आहे. उपग्रहाला द्यायचे हुकूम गुप्त ठेवता येतात, पण बाकी बोलण्याचा अर्थ लपवायचा नाही. फॉरमॅट सांगितला नाहीत, तर जगभरच्या लोकांनी हौसेने पकडलेला सिग्नल म्हणजे नुसता खरखराट.

शेवटी कबुली. मागच्या महिन्यात मीही पीव्हीसी पाइप आणि स्टीलची मेजर टेप कापून एक अँटेना बनवली आणि शनिवारी सकाळी सोसायटीच्या गच्चीवर चढलो. खालून काकांनी विचारलंच, "काय रे, केबल गेली का?" डोंगल, लॅपटॉप आणि डोक्यावर रणरणतं ऊन. पहिले दोन शनिवार काहीही नाही. हॅम लोकांत एक छान रीत आहे, ऐकू आलं तर कळवायचं आणि नाही आलं तरी कळवायचं. म्हणून वहीत तारीख, वेळ लिहून पुढे 'ऐकू आला नाही' असं दोनदा लिहिलं.

तिसऱ्या शनिवारी खरखरीच्या मागून आलं. इतकं बारीक, की आधी वाटलं भासच. मला मोर्स धड येत नाही, त्यामुळे कागदावर नुसती टिंबं-रेघा उतरवत गेलो आणि घरी येऊन तक्ता बघून लावलं. बरेच आकडे गाळलेले होते. पण एका ठिकाणी सलग तीन मापं मिळाली, आणि तिन्हींचा पहिला आकडा तीन.

तिसरी ओळ. माझ्या जन्माच्या किती आधी कोणीतरी ठरवलेला फॉरमॅट, आणि मला कोणालाही न विचारता वाचता आला.

वहीत लिहिलं, 'ऐकू आला.'