गळती रोखणारे कडे : द्रवदाब यंत्रांच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

१/ पोकलेनचा लोखंडी हात टनावारी माती उचलतो, कारखान्यातील प्रेस जाड पत्रा सहज वाकवतो. या शक्तीचे श्रेय आपण पंपाला आणि तेलाला देतो. परंतु ते तेल सिलिंडरमध्ये रोखून धरणारे छोटेसे कडे नसेल, तर ही यंत्रे निरुपयोगी ठरतात. या कड्याच्या इतिहासात एका कारागिराचा पगार आहे, एक महायुद्ध आहे आणि २६२ मृत्यूही आहेत. #थ्रेड

२/ तत्त्व जुने आहे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे फ्रान्सच्या ब्लेझ पास्कालने मांडले. त्याचा ग्रंथ मृत्यूनंतर, १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. लहान दट्ट्यापेक्षा मोठ्या दट्ट्याचे क्षेत्रफळ शंभर पट असेल, तर जोरही शंभर पट मिळतो. कागदावर हे इतके सोपे असूनही उपयोगी यंत्र तयार व्हायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

३/ १७९५ मध्ये लंडनच्या जोसेफ ब्रामाने हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले. कुलपांसाठी प्रसिद्ध असलेला हा कुशल कारागीर एका साध्या प्रश्नापाशी अडला. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यामधील फटीतून पाणी बाहेर येई. भोवती पॅकिंग घट्ट आवळले तर गळती थांबे, पण मग दट्ट्याच जागी अडके आणि दाब काढल्यावरही खाली येत नसे.

४/ उत्तर सापडले ते त्याच्याच कारखान्यातील हेन्री मॉड्स्ले या तरुणाला. त्याने चामड्याचे असे कडे बसवले, ज्याचा छेद इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा होता आणि उघडी बाजू पाण्याकडे होती. दाब वाढला की पाणी त्या ‘यू’मध्ये शिरून त्याच्या दोन्ही कडा फाकवी, एक दट्ट्याला चिकटे, दुसरी सिलिंडरला. दाब उतरला की कडा सैल होत आणि दट्ट्या मोकळा होई.

५/ यातील युक्ती लक्षात घ्यावी. गळती घडवून आणणारा दाबच येथे गळती रोखण्याच्या कामी लावला आहे. जितका दाब अधिक, तितकी पकड घट्ट. सायकलमध्ये हवा भरण्याचा जुना हातपंप उघडून पाहिला असेल, तर त्यातील वाटीच्या आकाराचे चामड्याचे वॉशर आठवेल. तेही याच तत्त्वावर चालते.

६/ मॉड्स्लेला मोबदला काय मिळाला? आठवड्याला ३० शिलिंग. पगारवाढ मागितली, ती ब्रामाने नाकारली आणि १७९७ मध्ये मॉड्स्लेने नोकरी सोडली. पुढे तो ब्रिटनमधील अग्रगण्य यंत्रनिर्माता झाला. मात्र एक सावधगिरी हवी : चामड्याच्या कड्याचे श्रेय त्याला मिळते ते मुख्यतः त्याचा साहाय्यक जेम्स नॅस्मिथ याच्या कथनावरून. साक्षीदार जाणकार होता, पण तटस्थ नव्हता.

७/ एकोणिसावे शतक पाण्याच्या दाबाचे ठरले. विल्यम आर्मस्ट्राँगच्या क्रेन बंदरांवर माल उचलू लागल्या. लंडनचा टॉवर ब्रिज १८९४ पासून पाण्याच्या दाबानेच उघडत असे. कापसाच्या गाठी बांधण्यासाठीही हायड्रॉलिक प्रेस आले. मुंबईच्या कापूस व्यापारात आणि आपल्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांत त्यांना मोठे स्थान होते.

८/ पाण्याचे दोष मात्र सुटले नव्हते. ते लोखंड गंजवते, थंडीत गोठते आणि वंगणाचे काम करत नाही. १९०६ मध्ये ‘व्हर्जिनिया’ या अमेरिकी युद्धनौकेवर तोफा फिरवण्यासाठी तेलावर चालणारी यंत्रणा बसवण्यात आली आणि पुढे तेलाचा वापर वाढत गेला. पण खनिज तेलात नैसर्गिक रबर फुगते. १९३० च्या दशकात तेलाला टिकणारे कृत्रिम रबर आले, तेव्हा ही अडचण दूर झाली.

९/ याच सुमारास डेन्मार्कमध्ये जन्मलेले, अमेरिकेत स्थायिक झालेले नील्स क्रिस्टेन्सन पुढे आले. १९३७ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी ओ-रिंगच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९३९ मध्ये ते मंजूर झाले. रबरी कडे नवीन नव्हते. नवे होते ते खाचेचे मोजमाप. खाच कड्यापेक्षा थोडी रुंद ठेवली की दाबाने कडे एका बाजूला सरकते, चेपले जाते आणि फट बुजवते. तत्त्व पुन्हा मॉड्स्लेचेच!

१०/ विमानांच्या हायड्रॉलिक यंत्रणेसाठी हे कडे वरदान ठरले. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरताच सरकारने पेटंटचे हक्क ताब्यात घेऊन ते सर्व उत्पादकांना खुले केले. क्रिस्टेन्सन यांच्या हाती ७५,००० डॉलर पडले. १९५२ मध्ये त्यांचे निधन झाले. वारसांना आणखी १,००,००० डॉलर मिळाले, ते थेट १९७१ मध्ये.

११/ आता या इतिहासाची काळी बाजू. तेल गळते तेव्हा ते केवळ वाया जात नाही, ते पेटते. ८ ऑगस्ट १९५६. बेल्जियममधील मार्सिनेल येथील कोळसा खाण. ९७५ मीटर खोलीवर एक वॅगन पाळण्यात पुरती शिरली नव्हती, तोच पाळणा वर निघाला. बाहेर राहिलेल्या वॅगनच्या धडकेत दाबाखालील तेलाची नळी, विजेच्या तारा आणि हवेची नळी तुटली.

१२/ तेल, ठिणगी आणि हवा एकाच जागी आली. आगीपेक्षा विषारी धुराने अधिक बळी घेतले. २६२ कामगार दगावले. त्यांपैकी १३६ इटालियन होते. महायुद्धानंतर १९४६ च्या करारानुसार इटलीने बेल्जियमला मजूर पुरवायचे आणि बदल्यात कोळसा घ्यायचा, असे ठरले होते. त्या व्यवहाराची खरी किंमत मार्सिनेलने जगाला दाखवली.

१३/ पुढच्याच वर्षी युरोपीय कोळसा व पोलाद समुदायाने खाण-सुरक्षेसाठी कायमस्वरूपी मंडळ स्थापन केले. सहज पेट न घेणारे हायड्रॉलिक द्रव खाणींत आणण्यावर भर देण्यात आला. त्यांतील अनेक द्रवांत पाण्याचा मोठा अंश असतो. ब्रामाच्या पाण्याकडून निघालेला प्रवास असा पुन्हा पाण्यापाशी आला.

१४/ आजही कारखान्यात शिकवला जाणारा एक नियम याच दाबाशी निगडित आहे : चालू यंत्रातील गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. सुईएवढ्या छिद्रातून उडणारे तेल कातडी भेदून आत शिरते आणि प्रसंगी बोट गमवावे लागते.

१५/ यंत्रयुगाचा इतिहास लिहिताना आपण इंजिने, पूल आणि तोफा मोजतो. त्या चालत्या ठेवणाऱ्या कड्यांना सहसा नाव नसते. ती बनवणाऱ्यांना मोबदला कमी मिळाला. आणि जेथे तेल मोकळे सुटण्याची शक्यता गृहीतच धरली गेली नाही, तेथे किंमत मजुरांनी मोजली.