आरावरचे भरीत

लढायांवर आणि राजांवर बोलावयास वक्ते पुष्कळ मिळतात. वांग्याच्या भरितावर व्याख्यान म्हटले की सभेत खसखस पिकते. पिको बापडी. बालाघाटच्या या पठारावर, बीडहून धाराशिवकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आपल्या चौसाळ्यात, ज्या अन्नाच्या बळावर माणसे कामाला उभी राहिली त्याचा इतिहास सांगण्यात मला कमीपणा वाटत नाही.

वांगे आपल्याकडचेच. संस्कृतात त्याला वार्ताक, वृंताक, वातिंगण अशी नावे आहेत. यांतले शेवटचे नाव इराणात बादिंगान झाले, अरबांनी ते पश्चिमेस नेले, आणि पोर्तुगीजांनी 'बेरिंजेला' म्हणून ते पुन्हा आपल्या किनाऱ्यावर आणून उतरविले. शिकलेली मंडळी ज्याला ब्रिंजल म्हणतात तो शब्द असा जग फिरून घरी आलेला आहे. वाफ्यातले वांगे मात्र जागचे हलले नव्हते!

अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त बादशाही मुदपाकखान्याची मापे दिली आहेत. त्यांत वांग्याचाही एक पदार्थ आहे. १० शेर वांग्यांना दीड शेर तूप, शिवाय कांदा, आले, लिंबू, मिरे, धणे, लवंग, वेलदोडा आणि हिंग. मिरचीचे नाव नाही. मिरची ही अमेरिकेतली. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोहोचला, त्यानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती इकडे आली. भुईमूगही दक्षिण अमेरिकेतलाच. म्हणजे हिरव्या मिरचीचे व शेंगदाण्याचे आपले झणझणीत भरीत पाचशे वर्षांपलीकडे नेता येत नाही. आपल्या वाडवडिलांची म्हणून जी चव आपण जिभेवर वागवितो तिच्यात असे परमुलखातले पाहुणे कायमचे बसलेले असतात.

पण मला मिरचीपेक्षा त्या दीड शेर तुपाचे अधिक वाटते. वांग्याचा गर आतून पोकळ, कापसासारखा. कढईत टाकले की ते तेल पीत सुटते. तेच वांगे विस्तवात ठेवले तर त्याची पोकळी बसते, ते आपल्याच पाण्यात शिजते, आणि तेल लागते ते सालीला बोट पुसण्यापुरते. बादशहाला जे तूप ओतून साधावे लागे ते गरिबाने निखाऱ्यावर साधले.

रीत सांगायला सोपी आहे. वांगे मोठे, हाताला हलके लागणारे घ्यावे. जड निघाले तर आत बिया फार. चार ठिकाणी टोचावे, नाहीतर ते फुटते. चुलीतला जाळ ओसरला, आर पडला, की त्यात ठेवून फिरवीत राहावे. साल पूर्ण काळी पडून देठाजवळचा भाग मऊ लागला म्हणजे झाले. मग साल काढावी. पण वांगे पाण्याने धुऊ नये. धुतले की धुराचा वास गेला, आणि भरितातला जीवच गेला. त्याच आरात मिरच्या भाजून मीठ-लसणाबरोबर ठेचतात, आणि कांद्याची पात, कोथिंबीर, दाणे घालून वांगे गरम असतानाच कालवितात. खानदेशात कापसाच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजून लाकडी बडगीत ठेचतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या भरिताशी आपण भांडू नये. ते खरोखरच चांगले असते.

वांग्यावरून भांडणे मात्र झाली आहेत. शेंडे व फळे पोखरणारी अळी हा या पिकाचा मोठा शत्रू. तिच्यावर उपाय म्हणून आपल्या शेजारच्या जालन्यात १९६४ साली सुरू झालेल्या महिको कंपनीने बीटी वांगे तयार केले. त्याला २००९ साली तज्ज्ञ समितीची मान्यता मिळाली, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी केंद्र सरकारने स्थगिती दिली. नगदी पिकाचा नव्हे, भाकरीबरोबरच्या तोंडीलावण्याचा प्रश्न म्हणून देशभर सभा झाल्या, हे विसरू नये.

धर्मानेही वांग्याला पंचांगात जागा दिली आहे. आषाढात कांदेनवमीला कांदा-वांगे खाऊन पुष्कळ घरे चातुर्मासापुरते ते सोडतात, आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पुन्हा धरतात. धनगरापासून देशस्थापर्यंत सर्वांचा हा देव, आणि त्याला चालते ते भाजलेले वांगे.

परंतु चंपाषष्ठी येते तेव्हा आपल्या जिल्ह्यातील लाखो माणसे गावात नसतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ती ऊसतोडीला गेलेली असतात. त्या दिवशी नैवेद्य होतो तो कारखान्याच्या तळावर, कोपीपुढे तीन दगडांच्या चुलीवर. टोळ्यांतून हिंडताना मी पाहिले आहे, वर तव्यावर भाकरी आणि खाली आरात वांगी, असा एकाच जाळावर सगळा स्वयंपाक उरकतो. जळण गोळा करायला निराळे माणूस नाही, भाजी परतायला निराळा वेळ नाही. भरीत या चुलीला सोयीचे पडले ते यामुळे. चवीचे कौतुक नंतरचे.

एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे, हा या धंद्याचा हिशेब. दर टनावर ठरतो. दराच्या बोलण्यात तोडणी येते, मोळी बांधणे येते, गाडी भरणे येते. चूल येत नाही. बाई पहाटे अंधारात उठून भाकरी थापते, फडकीत भरीत बांधते, मग तीच फडात नवऱ्याच्या बरोबरीने वाकते, आणि रात्री परत येऊन तोच धूर डोळ्यांत घेते. त्या कामाचा आकडा कोणत्याही करारात लिहिलेला मी अद्याप पाहिलेला नाही.