ऐतिहासिक सैनिकी अर्धपुतळा (प्रतिकृती)

ऐतिहासिक सैनिकी अर्धपुतळा हा प्रमाणबद्ध प्रतिकृतिकलेतील एक प्रकार आहे. यात एखाद्या विशिष्ट काळातील सैनिकाचे किंवा सेनानीचे मस्तक, खांदे व छातीपर्यंतचा भाग सुट्या तुकड्यांच्या संचातून जोडून हाताने रंगवला जातो. छंदिष्टांमध्ये त्यासाठी 'बस्ट' हा शब्दही रूढ आहे. चौकात किंवा कार्यालयात बसवलेल्या स्मारक-अर्धपुतळ्याहून हा प्रकार वेगळा आहे. स्मारकात व्यक्तीविषयीचा आदर प्रधान असतो, तर प्रतिकृतीत पोशाख, शस्त्र व वर्ण यांची काळाशी जुळणी प्रधान असते. पागोट्याला दिलेला प्रत्येक रंग हे त्या काळाविषयीचे एक विधान ठरते आणि ते चुकीचेही असू शकते.

स्वरूप आणि प्रमाण

अर्धपुतळ्यांसाठी १:९, १:१०, १:१२ व १:१६ ही प्रमाणे प्रचलित आहेत. प्रौढ माणसाचे डोके हनुवटीपासून माथ्यापर्यंत सुमारे २३ सेंटिमीटर धरले, तर १:१० प्रमाणात ते २३ मिलिमीटर होते. डोळ्याची फट जेमतेम ३ मिलिमीटर उरते. पूर्णाकृती लहान सैनिकाच्या प्रतिकृतीत डोळा एका ठिपक्यात भागवता येतो. अर्धपुतळ्यात बुबुळ, बाहुली, पापणीची कड आणि डोळ्याच्या कोपऱ्यातील लालसर छटा वेगवेगळी दाखवावी लागते. पाय, घोडा, भूभाग यांपैकी काहीच नसल्याने पाहणाऱ्याची नजर चेहऱ्यावरच स्थिरावते. म्हणून या प्रकारात चेहऱ्याचे काम निर्णायक मानले जाते.

पार्श्वभूमी

युरोपातील खेळण्यातल्या शिशाच्या सैनिकांपासून ही परंपरा सुरू होते. विल्यम ब्रिटन या इंग्लंडमधील कारखानदाराने १८९३ साली पोकळ ओतकामाची पद्धत आणल्यावर असे सैनिक स्वस्त झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खेळण्यापासून वेगळा असा प्रौढांचा छंद आकाराला आला. शिसे व कथील यांच्या मिश्रधातूची जागा पुढे पॉलियुरेथेन रेझिनने घेतली. रेझिन हलके असते, त्यात कापडाच्या सुरकुत्या व शिवण बारकाईने उतरते आणि थोड्या प्रतींसाठी रबरी साचा पुरतो. अलीकडे संगणकावर घडवलेली मूर्ती त्रिमितीय मुद्रकावर छापण्याची पद्धत वाढली आहे.

महाराष्ट्रात या छंदाची वेगळी दुकानदारी मर्यादित असली, तरी त्याची जवळची नाती घरोघरी आहेत. दिवाळीत अंगणात बांधल्या जाणाऱ्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे, पेणच्या कारखान्यांतील गणेशमूर्तींच्या डोळ्यांची आखणी आणि शिवाजी महाराजांचे प्लास्टर वा फायबरचे अर्धपुतळे ही त्यांची ठळक उदाहरणे होत. शिल्पकलेच्या अंगाने पाहता गणपतराव म्हात्रे व नानासाहेब करमरकर यांची परंपरा मोठी आहे. करमरकरांनी घडवलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९२८ साली पुण्यात उभा राहिला. मात्र या सर्व परंपरांचा भर नामांकित व्यक्तीवर आहे. ज्याचे नाव कोठेच नोंदलेले नाही असा साधा शिपाई त्यांत अभावानेच येतो.

बांधणी

संचात साधारणपणे मस्तक, धड, शिरस्त्राण, शस्त्राची मूठ, पट्टे व बैठक असे पाच ते पंधरा तुकडे असतात. साच्यातून तुकडा सहज निघावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा थर त्यांवर राहतो. कोमट पाणी व भांडी घासण्याचा साबण यांनी तो धुतला नाही, तर रंग पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. ओतकामाचे नळीसारखे उरलेले टोक करवतीने कापून पॉलिश कागदाने घासले जाते. हे घासणे ओले करावे, कारण रेझिनची कोरडी धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. नाकातोंडावर मुखपट्टी हवीच.

जोडणीसाठी सायनोअॅक्रिलेट वर्गातील झटपट डिंक (फेविक्विक व तत्सम) वापरतात. जड तुकड्यांच्या सांध्यात पितळी तारेची खीळ घालतात. फटी भरण्यास दोन भागांचे इपॉक्सी लांबण लागते. परदेशी लांबण न मिळाल्यास भारतीय छंदिष्ट नळदुरुस्तीचे एम-सील वापरतात. ते लवकर कडक होते, त्यामुळे थोडे थोडे मळून घ्यावे लागते. पागोट्याचा एखादा पेच वाढवणे किंवा मिशीची ठेवण बदलणे अशी कामे याच लांबणाने होतात. युरोपीय संचाचे भारतीय सैनिकात रूपांतर करायचे असल्यास सर्वाधिक वेळ येथेच जातो.

सर्व तुकडे जोडून मगच रंगवायचे की वेगवेगळे रंगवून शेवटी जोडायचे, हा प्रश्न प्रत्येक संचात नव्याने सोडवावा लागतो. ढालीमागे झाकला जाणारा खांदा आधी जोडल्यास तेथे कुंचला पोहोचत नाही. सांधा उघडा राहणार असेल, तर मात्र नंतर जोडल्याने रंग खराब होतो.

रंगकाम

प्रथम राखाडी किंवा काळ्या अस्तराचा पातळ थर देतात. त्यावर वरच्या बाजूने तिरका पांढरा फवारा मारला की उजेड कोठे पडतो आणि सावली कोठे साचते याचा आराखडा मिळतो. पुढचे सर्व रंग या आराखड्याला धरून चढवले जातात. इतक्या लहान आकारावर खोलीतला खरा प्रकाश पुरेशी सावली पाडत नाही, म्हणून ती रंगानेच दाखवावी लागते.

अॅक्रिलिक, तैल व इनॅमल हे तिन्ही रंग वापरात आहेत. अॅक्रिलिक लवकर वाळतो व पातळ थरांत चढतो. तैलरंग अनेक तास ओला राहत असल्याने त्वचेच्या छटा एकमेकींत मिसळण्यास सोयीचा असतो. त्यामुळे अनेक जण पाया अॅक्रिलिकने आणि शेवटचे हात तैलरंगाने देतात. १९३१ साली दांडेकर बंधूंनी सुरू केलेल्या कॅम्लिनचे 'कॅमल' रंग महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना परिचित आहेत. अशा चित्रकलेच्या रंगांतूनही काम होते. मात्र ते दाट असल्याने पाण्याने बरेच पातळ करून चार-पाच थरांत लावावे लागतात.

हवामानाचा परिणाम दुर्लक्षिण्याजोगा नाही. विदर्भातील मे महिन्यात अॅक्रिलिक कुंचल्यावरच वाळू लागतो. त्यावर उपाय म्हणून ओल्या स्पंजावर कागद पसरून रंगपाटी केली जाते. पावसाळ्यात दमट हवेत मारलेले फवाऱ्याचे वॉर्निश दुधाळ होण्याचा धोका असतो.

भारतीय त्वचेच्या रंगकामाबद्दल परदेशी मार्गदर्शनाचा उपयोग मर्यादित आहे, कारण त्यातील बहुतेक कृती गोऱ्या वर्णासाठी असतात. सावळ्या त्वचेच्या सावलीसाठी तपकिरीत काळा मिसळल्यास चेहरा राखेसारखा निस्तेज होतो. त्याऐवजी तांबूस-जांभळट तपकिरी छटा घ्यावी. उजळ भागासाठी पांढऱ्याऐवजी पिवळी माती (ऑकर) व किंचित गुलाबी मिसळावी. कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालाचे हाड येथे त्वचेला चकाकी असते, तर दाढी केलेल्या जागी निळसर झाक दिसते.

आडगावच्या लढाईतील सैनिक

या कलेतील खरी अडचण एका प्रत्यक्ष उदाहरणावरून स्पष्ट होते. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदहून सातपुड्याच्या पायथ्याने पूर्वेकडे गेल्यास संग्रामपूर व तेल्हारा ओलांडून अकोला जिल्ह्यातील आडगाव लागते. इंग्रजी कागदपत्रांत 'अरगाव' असा उल्लेख असलेली लढाई येथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी झाली. एका बाजूला आर्थर वेलस्लीची कंपनी फौज होती. दुसऱ्या बाजूला नागपूरकर भोसल्यांचे सैन्य व शिंद्यांचे घोडदळ होते. भोसल्यांच्या सैन्याचे नेतृत्व दुसऱ्या रघूजींचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्याकडे होते. मराठ्यांच्या तोफा सुरू होताच सिरसोली गावाजवळ कंपनीच्या काही पलटणी उधळल्या. वेलस्लीने त्या स्वतः सावरून पुन्हा उभ्या केल्या. दिवस मावळेपर्यंत मराठा सैन्याचा मोड झाला होता व ३८ तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या होत्या. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह होऊन भोसल्यांनी वऱ्हाड गमावले.

या रणांगणावरचा इंग्रज पक्षाचा सैनिक रंगवणे तुलनेने सोपे आहे. ७४ व्या, ७८ व्या व ९४ व्या या स्कॉटिश पलटणी तेथे होत्या. त्यांच्या लाल डगल्यांच्या गळपट्टी व बाह्यांचे रंग अनुक्रमे पांढरा, फिकट बदामी व हिरवा असे ठरलेले होते. नियमावल्या, शिंप्यांचे हिशेब आणि अधिकाऱ्यांची तैलचित्रे उपलब्ध असतात. नेपोलियनकालीन युरोपीय सैनिकांचे संचही बाजारात मुबलक आहेत. त्यांच्यासमोर उभा राहिलेला भोसल्यांचा शिपाई कसा दिसत होता, याला मात्र असे थेट उत्तर नाही. बहुसंख्य मराठा फौजेला गणवेश नव्हता. शिपाई आपल्या कपड्यांत व पुष्कळदा आपल्याच शस्त्रांनिशी चाकरीस येई.

सर्वांत सामान्य चूक लाल डगल्याची होते. शिंद्यांच्या युरोपीय पद्धतीच्या कवायती पलटणी, म्हणजे 'कंपू', इंग्रजी धर्तीचे डगले वापरत. त्यामुळे १८०३ चा मराठा पायदळी म्हणजे लाल डगला असा समज झाला आहे. परंतु शिंद्यांचे हे पायदळ २३ सप्टेंबर १८०३ च्या असईच्या लढाईत मोडले होते. आडगावास पायदळ मुख्यतः भोसल्यांचे होते, त्यामुळे तो डगला येथे सरसकट चढवता येत नाही. ७४ व्या व ७८ व्या पलटणीवर तलवारीनिशी तुटून पडलेली आणि जवळपास संपूर्ण कापली गेलेली तुकडी वेलस्लीने 'इराणी' म्हणून नोंदवली आहे. इतर वर्णनांत तिला अरब म्हटले आहे. नागपूरकरांच्या चाकरीत अरब होते हे १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईवरूनही दिसते. एकाच तुकडीविषयी दोन नोंदी असल्या, की पागोटे कसे बांधायचे येथपासून प्रश्न सुरू होतो.

अप्रत्यक्ष पुरावा बराच आहे, पण तो जपून वापरावा लागतो. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९० च्या दशकात पुण्यात सवाई माधवराव, नाना फडणीस आदींची चित्रे काढली. गंगाराम तांबट या मराठी चित्रकाराची रेखाटनेही त्याच काळातील आहेत. परंतु ती पुण्याची असून त्यांत दरबारी मंडळींचा भरणा अधिक आहे. टॉमस ब्रॉटन या कंपनीच्या अधिकाऱ्याने १८०९ मध्ये शिंद्यांच्या छावणीतून लिहिलेली पत्रे १८१३ साली पुस्तकरूपाने निघाली. त्यांतील रंगीत चित्रे दीन अली या भारतीय चित्रकाराची आहेत. काळाने ही चित्रे आडगावच्या सर्वांत जवळ येतात, पण ती छावणी राजपुतान्यात होती. प्रत्यक्ष वस्तू पाहण्यासाठी पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय व मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय उपयोगी पडतात. ढालीवरील पितळी फुल्यांची झीज, कातड्यावरील लाखेची चकाकी किंवा मुठीचा खरा आकार छायाचित्रावरून कळत नाही.

अर्धपुतळा छातीशी संपत असल्याने दाखवायच्या गोष्टी थोड्याच उरतात: पागोटे, कपाळावरचे गंध, मिशा व कल्ले, कानातील बाळी, अंगरख्याचे बंद, ढालीचा पट्टा आणि फार तर खांद्यावरची तोड्याची बंदूक. यांतील प्रत्येक गोष्ट माणसाचा धर्म, प्रांत व ऐपत सांगते. त्या काळच्या चित्रांत अंगरख्याचे बंद सामान्यतः हिंदूंचे डावीकडे व मुसलमानांचे उजवीकडे बांधलेले दिसतात. त्यामुळे उजवीकडे बंद असलेल्या धडावर गंध लावलेले डोके बसवल्यास विसंगती निर्माण होते. तयार संचांचे सुटे भाग एकमेकांत बदलताना ही चूक सहज घडते.

कापडाच्या रंगाबाबत एक ठोस मर्यादा घालता येते. कृत्रिम रंगांचा शोध १८५६ साली लागला. त्यामुळे १८०३ च्या कपड्यावर झगझगीत जांभळा, राणी किंवा आजच्या पताकांसारखा चमकदार केशरी चालत नाही. निळीचा निळा, आल व मंजिष्ठाचा विटकरी लाल, हळदीचा पिवळा, कुसुंब्याचा गुलाबी आणि निळीवर पिवळा चढवून केलेला हिरवा एवढाच पल्ला असतो. हळद व कुसुंबा उन्हाने लवकर उडतात, म्हणून मोहिमेवरच्या शिपायाच्या अंगावर ते फिके दाखवणे अधिक विश्वासार्ह ठरते. बहुतेकांचे कपडे न रंगवलेल्या सुती कापडाचे असल्याने शुद्ध पांढरा टाळून पिवळसर-राखाडी पांढरा घ्यावा. धूळ तर हमखास चुकते. पुस्तकांतील कृतींप्रमाणे तांबूस धूळ मारली जाते. पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या मातीची वाळलेली धूळ मात्र करडी-तपकिरी असते.

चेहऱ्याचा प्रश्न याने सुटत नाही. वा. सी. बेंद्रे यांनी शिवाजी महाराजांचे अस्सल चित्र उजेडात आणले, तेव्हा प्रचलित चित्राशी ताडून पाहण्यास निदान एक आधार मिळाला. आडगावच्या शिपायासाठी असा आधार मिळणे शक्य नाही. काही कारागीर अशा वेळी आजच्या वऱ्हाडी शेतकऱ्याचा चेहरा नमुन्यादाखल घेतात. काहींच्या मते हा उपाय खात्रीचा आभास निर्माण करतो, कारण भोसल्यांच्या फौजेत अरब, रोहिले व उत्तरेकडील शिपाईही होते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तरीही संचातल्या युरोपीय नाकडोळ्यांवर केवळ गडद रंग चढवण्यापेक्षा पहिला मार्ग निश्चितच बरा आहे.

नामफलक व नोंदपत्र

पूर्ण झालेला अर्धपुतळा लाकडी बैठकीवर खिळीने बसवतात व पुढे नामफलक लावतात. नामांकित सेनानी असल्यास नाव व वर्ष पुरते. अनाम सैनिकासाठी सेना, प्रकार, स्थळ व दिनांक दिला जातो, उदाहरणार्थ 'नागपूरकर भोसल्यांच्या फौजेतील बंदूकधारी, आडगाव, १८०३'. प्रदर्शनात मांडताना सोबत एक नोंदपत्र ठेवणे चांगले. पागोट्याची बांधणी कोणत्या चित्रावरून घेतली, ढाल कोणत्या संग्रहालयातील नमुन्यावरून केली आणि कोणता भाग केवळ अनुमानाने रंगवला, हे त्यात लिहिले जाते. आडगावच्या शिपायाच्या बाबतीत या तिसऱ्या रकान्यात चेहरा येतो.