वाचाघातावरील उपचार आणि मेंदूतील बदलांचे मापन

वाचाघात म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे बोलणे, आकलन, वाचन किंवा लेखन यांची क्षमता कमी होणे वा नष्ट होणे. स्ट्रोक हे त्याचे प्रमुख कारण होय. बहुतेक व्यक्तींमध्ये भाषेचे नियंत्रण मुख्यतः मेंदूच्या डाव्या गोलार्धात होत असल्याने त्या बाजूचा रक्तपुरवठा खंडित झाल्यास वाचाघात संभवतो. भाषोपचाराने रुग्ण सुधारत असताना मेंदूत काय बदलते, हे जाणण्यासाठी उपचारापूर्वी व नंतर मेंदूचे प्रतिमांकन केले जाते.

पद्धती

एफएमआरआय हे यातील प्रमुख तंत्र आहे. ते चेतापेशींची क्रिया थेट मोजत नाही, तर सक्रिय भागातील रक्तामधील ऑक्सिजनच्या प्रमाणात होणारा फरक नोंदवते. स्ट्रोकनंतर रक्तवाहिन्यांचा प्रतिसाद मंदावू शकतो; त्यामुळे संकेत क्षीण असला तरी तो भाग निष्क्रिय असेलच असे नाही. रुग्ण मोठ्याने बोलल्यास डोके हलून प्रतिमा बिघडते. चित्रातील वस्तूचे नाव मनातल्या मनात घेण्यास सांगावे, तर त्याने ते बरोबर घेतले की नाही, हे समजत नाही. चेतातंतूंच्या जोडण्यांचा अभ्यास डिफ्युजन टेन्सर प्रतिमांकनाने करतात.

निरीक्षणे

डोरोथे झाउर व सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १४ रुग्णांची प्रत्येकी तीनदा तपासणी केली. पहिल्या काही दिवसांत डाव्या गोलार्धातील शाबूत भाषाक्षेत्रांची क्रिया अल्प होती. सुमारे दोन आठवड्यांनी ती वाढली व उजव्या गोलार्धातील ब्रोका क्षेत्राच्या समकक्ष भागात सर्वाधिक दिसली. काही महिन्यांनंतर तिचा भर पुन्हा डावीकडे सरकला.

हा क्रम नैसर्गिक सुधारणेचा आहे. त्यामुळे स्ट्रोकनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत दोन प्रतिमांमध्ये आढळलेला फरक उपचारामुळेच पडला, असे म्हणता येत नाही. म्हणून अनेक संशोधक दीर्घकालीन वाचाघात असलेले रुग्ण निवडतात, उपचारापूर्वीच दोनदा मोजमाप घेतात आणि सराव न दिलेल्या शब्दांशी तुलना करतात.

लहान वाक्ये सुरात म्हणवून घेत डाव्या हाताने ताल धरायला लावणारी एक उपचारपद्धती १९७३ साली मांडली गेली. तिचा दीर्घ सराव केलेल्या सहा रुग्णांमध्ये उजव्या गोलार्धातील आर्क्युएट तंतुसमूहात वाढ झाल्याचे गॉटफ्रीड श्लाऊग व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नोंदवले. रुग्णसंख्या अल्प असल्याने हा निष्कर्ष सर्वांना लागू करता येत नाही. उजव्या गोलार्धाची वाढलेली क्रिया सुधारणेस मदत करते की अडथळा आणते, याविषयीही मतभेद आहेत. केवळ कामाची काठिण्यपातळी वाढल्यानेही अशी क्रिया वाढू शकते. त्यामुळे प्रतिमेतील बदल रुग्णाच्या प्रत्यक्ष भाषाचाचणीसोबतच वाचला जातो.